मुसळाखालचा कंद : फुफू आणि त्याचा रस्सा

उकडलेला कंद मऊ असतो. सोलून, मीठ लावून तो तसाच खाता येतो, आणि पश्चिम आफ्रिकेत तो तसा खाल्लाही जातो. मग तोच कंद लाकडी उखळात घालून, दोन माणसांनी घाम गाळून, मुसळाने कुटायचा कशासाठी? फुफूविषयी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा प्रश्न पडतो. त्याच्या मागोमाग दुसरा येतो. एवढ्या कष्टाने केलेला गोळा न चावता गिळून का टाकायचा? दोन्ही प्रश्न शेवटी एकाच उत्तरापाशी येतात. तिथे पोचायचे तर आधी कंदाच्या आत डोकवावे लागते आणि मग रश्शाच्या पातेल्यापर्यंत जावे लागते.

१. फुफू म्हणजे नेमके काय

पिठूळ कंद, किंवा कंद आणि कच्ची केळी, उकडून आणि कुटून केलेला गुळगुळीत, लवचीक गोळा म्हणजे फुफू. त्यात मीठ नाही, तेल नाही, मसाला नाही. घानाच्या दक्षिण भागातील अकान लोकांचे, म्हणजे असांते, फांते, अच्येम अशा समूहांचे, हे मनापासूनचे जेवण. कुमासीसारख्या शहरात पोटभर काही खाल्ले तरी फुफू झाला नाही तर जेवण झाले असे न मानणारी माणसे पुष्कळ आहेत. आपल्याकडे भाताशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही म्हणणारे कोकणी घर असते, तसेच हे.

नावांचा थोडा गुंता आहे, तो आधीच सोडवलेला बरा. घानात ‘फुफू’ म्हटले की कसावा नावाच्या ताज्या कंदाचा आणि कच्च्या केळ्यांचा कुटलेला गोळा डोळ्यांपुढे येतो. नायजेरियात तेच नाव बहुधा आंबवलेल्या कसाव्याच्या गोळ्याला लावतात. इग्बो भाषेत त्याला ‘अक्पू’ म्हणतात. नायजेरियातील योरुबा लोक याम नावाचा कंद कुटून जो पांढराशुभ्र गोळा करतात तो ‘इयान’. कोत दिव्हारमध्ये याच घराण्यातला पदार्थ ‘फुतू’ होतो. रश्शाबरोबर गिळायच्या अशा सगळ्या गोळ्यांना नायजेरियातील इंग्रजीत एकच नाव आहे, ‘स्वॉलो’, म्हणजे गिळायचे ते.

या सगळ्या गोळ्यांचे करण्याच्या रीतीवरून दोन गट पडतात. एका गटातले पदार्थ पिठापासून, गरम पाण्यात घाटून होतात. भाजलेल्या कसावा रव्याची ‘एबा’, वाळवलेल्या यामच्या पिठाची तपकिरी ‘अमाला’, आंबवलेल्या मक्याचे घानातील ‘बांकू’ ही त्यांतली. दुसऱ्या गटात आख्खा उकडलेला कंद मुसळाखाली जातो. फुफू आणि इयान हे दुसऱ्या गटातले, आणि हे प्रकरण मुख्यतः त्यांचे आहे.

२. उकडताना कंदाच्या आत काय होते

कंद हे झाडाचे कोठार. पाने उन्हात जे अन्न तयार करतात त्यातले शिलकी अन्न झाड स्टार्चच्या रूपात जमिनीखाली साठवते. हे स्टार्च सूक्ष्म कणांच्या रूपात असते, आणि ते कण पेशी नावाच्या लहान लहान पिशव्यांत भरलेले असतात. कोठारात पोती रचून ठेवावीत आणि प्रत्येक पोत्यात दाणे असावेत, तशी ही रचना.

स्टार्चचे कण थंड पाण्यात विरघळत नाहीत. पिठाचे पाणी ढवळून ठेवले तर थोड्या वेळाने पीठ तळाशी बसते, ते यामुळेच. मात्र पाणी साधारण ६० ते ७० अंश सेल्सियसपर्यंत तापले की कण पाणी पिऊन फुगतात, त्यांची घट्ट बांधणी सैल होते आणि दाट, चिकट लगदा तयार होतो. कपड्यांना घालायची खळ अशीच शिजते. कच्चे पीठ पाण्यात कालवले तर त्याची खळ होत नाही, विस्तव लागतोच.

कंद उकडताना हीच खळ शिजते, पण प्रत्येक पिशवीच्या आत. पिशव्या बहुतांशी शाबूत राहतात. पिशव्यांना एकमेकींशी जोडणारा सांधा मात्र उष्णतेने ढिला होतो. म्हणून उकडलेला कंद बोटाने दाबला की भुगा होऊन सुटतो. खाणाऱ्याला तो पिठूळ, कोरडा लागतो, कारण जिभेवर आलेली असतात ती बंद पोती. चिकटपणा आत कोंडलेला आहे.

३. मुसळ काय करते

मुसळाचा घाव पिशव्या फोडतो. आतली शिजलेली खळ बाहेर येते, शेजारच्या पिशवीतल्या खळीला मिळते, आणि कुटत राहिले की सगळ्या गोळ्यातून एकसंध चिकट जाळे तयार होते. भुगा होता तिथे ताणला जाणारा गोळा येतो. पदार्थ तेवढाच, पाणी जवळजवळ तेवढेच, तरी आत-बाहेरची मांडणी बदलल्यामुळे वस्तूच बदलते.

याचा पडताळा मराठी स्वयंपाकघरात सहज घेता येतो. बटाटेवड्यासाठी उकडलेले बटाटे हाताने कुस्करले तर भाजी मोकळी राहते. तेच बटाटे मिक्सरमधून फिरवले तर डिंकासारखा लगदा होतो आणि वडा वळता वळत नाही. पात्याने पिशव्या फोडल्या आणि खळ बाहेर आली, एवढेच घडलेले असते. वडा करणाऱ्याची ती फजिती असते. फुफू करणाऱ्याला नेमके तेच हवे असते, फक्त जास्त घट्ट, जास्त सलग आणि गाठी नसलेले.

गव्हाच्या कणकेचा ताण त्यातल्या प्रथिनांमुळे येतो. कंदात ती प्रथिने नसतात, त्यामुळे फुफूची लवचिकता सगळी स्टार्चची. ज्वारीच्या पिठाची विरी गेली की भाकरीसाठी त्यात उकळते पाणी घालतात. मोदकांची उकड गरम असतानाच मळावी लागते. दोन्ही ठिकाणी तत्त्व हेच आहे. शिजलेले स्टार्च गरम असताना दाबाला जुळते, आणि निवल्यावर अडून बसते. म्हणून फुफूचे कुटणे कंद वाफाळत असतानाच सुरू व्हावे लागते.

आणखी एक बारकावा कंद निवडताना उपयोगी पडतो. स्टार्चच्या साखळ्या दोन प्रकारच्या असतात, काही सरळ आणि काही झाडासारख्या फांद्या फुटलेल्या. फांद्यांच्या साखळ्या जास्त असल्या की गोळा तुकतुकीत आणि ताणला जाणारा होतो. सरळ साखळ्या वाढल्या की तो घट्ट होतो आणि धरलेला आकार टिकवतो. कसाव्यात सरळ साखळ्यांचे प्रमाण कमी, याममध्ये त्याहून जास्त. नुसत्या कसाव्याचा गोळा बोटांना चिकटतो आणि ओढला की तार धरतो, त्यामुळे घानातली माणसे त्यात कच्ची केळी कुटून घालतात. केळ्याने चिकटपणा आवरतो, अंगात घट्टपणा येतो आणि गोळ्याला फिकट पिवळसर रंग चढतो. यामला असा जोडीदार लागत नाही. तो एकटाच पुरतो.

४. उखळात पडणारे कंद

इथे मराठी वाचकाची हमखास फसगत होते. भारतातल्या इंग्रजीत सुरणालाही ‘याम’ म्हणतात. पश्चिम आफ्रिकेतल्या यामचा सुरणाशी काही संबंध नाही. तो वेलीला लागणारा, हाताएवढा किंवा त्याहून लांब, खरबरीत तपकिरी सालीचा आणि आत पांढऱ्या गराचा कंद आहे. त्याची खरी भावंडे महाराष्ट्रात आहेत, ती म्हणजे कोनफळ, करांदे आणि कोकण-गोव्यातले कणगर. ही सगळी एकाच वंशातली. आफ्रिकेतला पांढरा याम मात्र तिथलाच. तो नायजर नदीच्या खोऱ्याच्या परिसरात जंगली वेलींपासून माणसाने लागवडीत आणला. जगातले यामचे सुमारे दोन-तृतीयांश उत्पादन आजही एकट्या नायजेरियात होते.

यामचा मान मोठा. इग्बो समाजात नव्या यामचा सण होईपर्यंत नवे पीक तोंडात घालायचे नाही, अशी रीत आहे. नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांच्या १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीत या सणाचे वर्णन येते. त्यात एका धनिकाने पाहुण्यांपुढे रचलेल्या फुफूच्या ढिगाची गोष्ट आहे. ढीग इतका उंच होता, की अलीकडे बसलेल्यांना पलीकडचे दिसेनात. पाहुणे दोन्ही बाजूंनी खात गेले, आणि मधेच येऊन पलीकडे बसलेला सोयरा अलीकडच्याला दिसला तो थेट संध्याकाळी.

कसावा मात्र पाहुणा. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो ब्राझीलहून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणला आणि पुढच्या शतकांत तो आत आत पसरला. केळ आले आग्नेय आशियातून, पण फार आधी. कोकणातली राजेळी ज्या गटात मोडतात त्याच गटातली, शिजवून खायची ही केळी. अळूच्या जातीचा आणि घानात ‘कोकोयाम’ म्हणून ओळखला जाणारा कंद १८४३ साली वेस्ट इंडीजमधून आलेल्या मिशनरी कुटुंबांबरोबर घानात पोचला. म्हणजे उखळ आणि मुसळ जुने, कुटण्याची रीत जुनी, आणि नवा कंद आला की लोकांनी तो त्याच उखळात घालून पाहिला. जो नीट कुटला गेला तो राहिला.

मिरची, टोमॅटो आणि भुईमूगही दक्षिण आणि मध्य अमेरिकेतूनच आले. मराठी घरातला साबुदाणा हा कसाव्याचाच. तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात या कंदाचे स्टार्च काढून त्याचे दाणे केले जातात. उपवासाच्या खिचडीतला साबुदाणा, दाण्याचे कूट, हिरवी मिरची आणि बटाटा हे चारही जिन्नस अटलांटिकपलीकडचे. घानातल्या एखाद्या घरी कसाव्याचा फुफू आणि शेंगदाण्याचा तिखट रस्सा वाढला जातो तेव्हा त्यांतले तीन पुन्हा एकत्र येतात. दोन दूरच्या स्वयंपाकघरांनी एकमेकांना न विचारता जुळवलेली ही जोडी विलक्षण आहे.

कसाव्याबद्दल एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. त्याच्या पेशींत एक असे द्रव्य असते, की पेशी फुटल्यावर त्यातून सायनाइड सुटते. ‘कडू’ वाणांत ते पुष्कळ असते, ‘गोड’ वाणांत कमी, आणि सालीत नेहमीच जास्त. घानातला फुफू गोड वाणांचा करतात. कंद जाड सोलतात, पुरेसा शिजवतात आणि उकडण्याचे पाणी टाकून देतात. नायजेरियातल्या अक्पूसाठी कंद तीन ते पाच दिवस पाण्यात भिजत ठेवून आंबवतात. त्यात विष उतरते आणि आंबूस वासही येतो, जो सवयीच्या माणसाला भूक लावतो. कसावा कच्चा कधीही खात नाहीत.

प्रत्येक कसावा कुटण्याजोगाही नसतो. वाण, कंदाचे वय आणि काढणीचा हंगाम यांवर ते ठरते. चुकीचा कंद कितीही उकडला तरी आत दडस राहतो आणि मुसळाखाली गाठी धरतो. त्यामुळे घानातले कृषिसंशोधक नवे वाण तपासताना उत्पन्न आणि रोगप्रतिकार यांच्याबरोबर तो कुटता येतो का, हेही पाहतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही कसोटी रास्तच आहे. भरघोस पिकणारा पण न कुटला जाणारा कंद बाजारातून परत येतो. शिवाय काढलेला कसावा दोन-तीन दिवसांत आतून काळा पडू लागतो, त्यामुळे घाईही असतेच.

५. उखळापाशी

घानातले उखळ रुंद आणि उथळ असते, जाड बुडाच्या परातीसारखे. अकान लोकांच्या ट्वी भाषेत त्याला ‘वोदुरो’ म्हणतात. मुसळ, म्हणजे ‘वोमा’, माणसाच्या उंचीचे किंवा त्याहून उंच. त्याचे खालचे टोक वापरून वापरून तंतू सुटल्यासारखे फुललेले असते, आणि ते तसेच हवे असते. टोकदार मुसळ गोळ्याला भोक पाडते, फुललेले टोक तो पसरून दाबते. नायजेरियात याच्या उलट, उखळ खोल असते. त्यात हात घालायला जागा नसते, तेव्हा दोन-तीन जण उभे राहून आळीपाळीने मुसळ मारतात. योरुबा भाषेत उखळ म्हणजे ‘ओडो’ आणि मुसळ म्हणजे ‘ओमो ओडो’, अर्थात उखळाचे मूल. बारशाला वरवंट्याला ‘गोप्या’ म्हणून पाळण्यात घालणाऱ्या मराठी घरांना हे नाव अगदी जवळचे वाटेल.

चार माणसांसाठी अंदाज असा धरतात. सोललेला कसावा एक किलो, हिरवी मोठी केळी तीन. कसाव्याचे बोटभर लांबीचे तुकडे करायचे, उभे चिरून मधली ताठ शीर काढून टाकायची. केळी सोलून अर्धी करायची. दोन्ही पाण्यात बुडवून सुरी सहज आरपार जाईपर्यंत उकडायचे, साधारण २० ते ३० मिनिटे. तुकडे पाण्यातून काढून पसरून ठेवायचे नाहीत. कुटायला लागतील तसे एकेक उचलायचे, बाकीचे गरम पाण्यातच राहू द्यायचे.

आधी केळी कुटतात. ती लवकर बारीक होतात. त्यांचा गोळा बाजूला काढून मग कसावा. तो सुरुवातीला भुग्यासारखा उडतो, मग हळूहळू जमून येतो, आणि एका क्षणी मुसळाचा आवाजच बदलतो. कोरडा ठक् जाऊन भरीव, ओलसर धप् येतो. अनुभवी माणसाला पाहावेही लागत नाही, आवाजावरून कळते. आता केळीचा गोळा त्यात मिसळून पुन्हा कुटायचे.

या कामाला माणसे दोन लागतात, एक उभे आणि एक बसलेले. उभा असलेला मुसळ उचलून खाली आणतो. बसलेली, बहुधा घरातली बाई, दर घावानंतर उखळात हात घालून गोळा कडेने उचलते, मधोमध दुमडते आणि हात मागे घेते. तेवढ्यात पुढचा घाव पडतो. हात आणि मुसळ यांच्यात श्वासाएवढे अंतर असते. हे काम नजरेवर चालत नाही. ते तालावर चालते. कुटणाऱ्याने मधेच वेग बदलायचा नाही आणि दुमडणारीने अंदाज सोडायचा नाही, हा दोघांमधला न बोललेला करार असतो. पोरे लहानपणापासून शेजारी बसून तो ताल अंगात मुरवून घेतात. दुपार कलताना दक्षिण घानातल्या वस्त्यांमधून हे धपधप आवाज एकापाठोपाठ एक उठतात, आणि कोणाच्या घरी आज फुफू आहे हे गल्लीला कळते. जपानात चिकट तांदळाचा मोची कुटताना अशीच जोडी लागते, एक घाव घालणारा आणि एक उलटवणारा.

दुमडणारीच्या शेजारी पाण्याचे भांडे असते. ती दर काही घावांनी बोटे बुडवते. एकतर गोळा हाताला चिकटत नाही, आणि दुसरे म्हणजे थेंबाथेंबाने पाणी आत मुरत जाते. पाणी एकदम ओतले तर गोळा सैल होतो आणि पुन्हा आवळता येत नाही. पाण्याची कमतरता मात्र पुढे भरून काढता येते. गाठ राहिली तर तिची दोन कारणे असतात. तुकडा मध्ये कच्चा राहिलेला असतो, किंवा तो निवल्यावर उखळात पडलेला असतो. कच्च्या तुकड्याची गाठ कितीही कुटली तरी जात नाही, कारण आतली खळ मुळात शिजलेलीच नसते. म्हणून दुमडताना हाताला लागलेली गाठ लगेच काढून टाकतात.

गोळा तयार झाल्याची खूण म्हणजे पृष्ठभाग चकाकतो, आणि ओला तळवा फिरवला तर काही चिकटत नाही. मग एकेका माणसापुरता भाग तोडून, ओल्या हाताने कडा खाली दुमडत, लांबट गुळगुळीत गोळे करतात. भाकरीसाठी उंडा करताना हात जसा फिरतो तसाच इथे फिरतो.

६. रस्सा

फुफूला स्वतःची चव जवळजवळ नसते. सगळी चव रश्शाची. ट्वी भाषेत रश्शाला ‘न्क्वान’ म्हणतात. कंद शिजत असतानाच शेजारच्या चुलीवर रस्सा उकळत असतो, कारण गोळा झाला की थांबायला वेळ नसतो.

सर्वांत साधा आणि सर्वांत झणझणीत तो ‘न्क्राक्रा’. घानातल्या इंग्रजीत त्याला ‘लाइट सूप’ म्हणतात. हलका एवढ्याच अर्थाने, की त्यात दाण्यांचे किंवा बियांचे वाटण नाही, पीठ नाही आणि वरून घातलेले तेलही नाही. चवीला तो मुळीच हलका नसतो. बकऱ्याच्या किंवा कोंबडीच्या मांसाला ठेचलेला कांदा, आले, लसूण आणि मीठ लावून पातेल्यात ठेवतात. पाणी न घालता, झाकण ठेवून, मांसाला सुटलेल्या पाण्यावरच ते वाफवतात. या वाफवण्यात रश्शाचा पाया तयार होतो, आणि इथे घाई केली तर पुढे कशानेही ती चव येत नाही.

मग थोडे पाणी घालून त्यात आख्खे टोमॅटो, आख्खा कांदा, लहान पांढरी किंवा हिरवी वांगी आणि आख्ख्या मिरच्या सोडतात. भाज्या मऊ झाल्या की झाऱ्याने उचलून घेतात आणि वाटतात. वाटायला ‘आसांका’ किंवा ‘आपोतोयेवा’ नावाचे मातीचे भांडे असते. त्याच्या आतल्या बाजूला खरवडल्यासारख्या रेघा असतात, आणि मधे कंबर बारीक असलेल्या लाकडी दस्त्याने वाटण त्या रेघांवर घासले जाते. वाटलेले गाळून पुन्हा पातेल्यात घालतात. बिया आणि साली मागे राहतात, रस्सा पातळ आणि तांबूस उतरतो. मग पाणी वाढवून, हवी तर धुरावलेली मासळी घालून, मांस शिजेपर्यंत मंद उकळतात. काही घरी ‘प्रेकेसे’ नावाची चार कंगोऱ्यांची गोडसर वासाची शेंग पातेल्यात सोडतात.

तिखटपणा किती ठेवायचा हे या पद्धतीत हातात राहते. मिरची आख्खी उकळली जाते तोवर तिचा तिखटपणा बहुतेक आतच असतो. वाटणात किती मिरच्या घ्यायच्या आणि किती बाजूला ठेवायच्या, हे घरातल्या पोरांकडे पाहून ठरते. मिरचीतले तिखट द्रव्य, कॅप्सायसिन, पाण्यात फारसे विरघळत नाही, स्निग्धात विरघळते. त्यामुळे पातळ रश्शाचा घोट थेट घशाला झोंबतो, आणि वर पाणी प्यायल्याने आग शमत नाही. तेच तिखट शेंगदाण्याच्या किंवा पामफळाच्या स्निग्ध रश्शात सौम्य वाटते. फुफूचा बेचव घास इथे खरा उपयोगी पडतो. तो झणक तोडतो आणि पुढच्या घोटाला जागा करतो.

शेंगदाण्याचा रस्सा म्हणजे ‘न्कातेन्क्वान’. भाजलेले दाणे तेल सुटेपर्यंत वाटून तो लगदा मंद आचेवर पाण्यात कालवतात, आणि वर तेलाचा तवंग दिसेपर्यंत उकळू देतात. उपवासाची दाण्याची आमटी करणाऱ्या हाताला यात नवे वाटेल ते फक्त मांस आणि टोमॅटो. पामफळाचा ‘आबेन्क्वान’ जास्त कष्टाचा. पामची तांबडी फळे उकडून कुटतात, पाण्यात कोळून घेतात आणि तंतू व कठीण बिया गाळून टाकतात. राहतो तो दाट केशरी कोळ. तो उकळून लाल तेल वर आले की रस्सा झाला. कोकोयामच्या कोवळ्या पानांचा, बहुधा गोगलगायी घालून केलेला हिरवा ‘एबुनुएबुनु’ हा आणखी एक.

नायजेरियात इयानबरोबर ‘एगुसी’ मोठ्या आवडीने खातात. कलिंगडाच्या एका भाईबंदाच्या बिया वाटून केलेला तो दाट रस्सा. बर्फीवर लावतात त्या मगजबियांचे वाटण डोळ्यांपुढे आणले तर त्याची कल्पना येते. त्याशिवाय भेंडीचे आणि ‘ओग्बोनो’ बियांचे मुद्दाम बुळबुळीत केलेले रस्से आहेत. भेंडीचे इंग्रजी नाव ‘ओक्रा’ हे इग्बो भाषेतूनच आलेले. मराठी स्वयंपाकात भेंडीची तार मोडायला चिंच किंवा ताक घालतात. इथे तीच तार जपतात, कारण घास घशातून सरकायला तिची मदत होते.

७. न चावण्याचे कारण

आता सुरुवातीचा दुसरा प्रश्न. घानात खोलगट वाडग्यात गोळा ठेवून वरून रस्सा ओततात, गोळ्याचा माथा तेवढा बेटासारखा वर राहतो. नायजेरियात गोळा एका ताटलीत आणि रस्सा दुसऱ्या वाडग्यात. हात धुऊन, फक्त उजव्या हाताने, गोळ्याचा सुपारीपेक्षा थोडा मोठा लचका तोडायचा. बोटांत फिरवून तो गोल करायचा, अंगठ्याने मधे खळगा पाडायचा, खळग्यात रस्सा घ्यायचा आणि तोंडात टाकून गिळायचा. मांस, वांगी, मासळी मात्र चावून खातात.

फुफू चावायला गेले तर तो दातांना आणि टाळूला चिकटतो, आणि चावून चव काही वाढत नाही, कारण आत चव नाहीच. चव आहे त्याच्या बाहेरून माखलेल्या रश्शात. गुळगुळीत गोळी रश्शासकट घशातून उतरते तेव्हा तिखटाचा, मिठाचा आणि मांसाचा स्वाद जीभ आणि घसा दोन्हींवर पसरतो. म्हणजे गोळा हा खाण्याजोगा चमचा आहे. उकडलेला नुसता कंद या कामाचा नाही. तो रश्शात विरतो, त्याचे कण जिभेवर रेंगाळतात, आणि तो न चावता गिळू म्हटले तर घशात अडकतो. मुसळ चालवायचे ते यासाठी. एकही गाठ खपवून घेत नाहीत, त्याचेही कारण हेच. चावून खायच्या पदार्थात बारीक गाठ चालून जाते. गिळायच्या पदार्थात ती लगेच कळते.

पोषणाच्या हिशेबातही गोळा आणि रस्सा वेगळे काढता येत नाहीत. कच्च्या कसाव्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १६० किलोकॅलरी ऊर्जा असते, पण प्रथिने जेमतेम १ ते दीड ग्रॅम. गोळा पोट भरतो, ताकद देतो. शरीर बांधायला लागणारे बाकी सगळे मांस, मासळी, शेंगदाणे आणि पालेभाज्यांतून, म्हणजे रश्शातून यावे लागते. रस्सा पातळ आणि मांस नावापुरते असेल, तर भरलेल्या पोटीही माणूस कुपोषित राहू शकतो. लहान मुलांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे लागते.

८. उखळ नसलेल्या घरी

शहरातल्या वरच्या मजल्यावर मुसळ चालवता येत नाही. खालचे शेजारी तक्रार करतात. परदेशी गेलेल्या घानावासीयाजवळ तर उखळच नसते. त्यांच्यासाठी फुफूचे तयार पीठ मिळते, त्यात वाळवलेला कंद किंवा बटाटा आणि स्टार्च असते. ते थंड पाण्यात गुठळी न होऊ देता कालवतात, मग मंद आचेवर लाकडी डावाने सतत घाटतात. पिठी जागोजाग पारदर्शक होत घट्ट होते, मधे पाण्याचा हबका मारून झाकण ठेवून एक वाफ काढतात आणि पुन्हा घाटतात. मिक्सर असेल तर कच्चा कसावा आणि केळी पाणी घालून गुळगुळीत वाटतात आणि तोच घोल चुलीवर घाटतात. इथे क्रम उलटा होतो. पिशव्या आधी फुटतात आणि खळ मागून शिजते. गोळा चांगला होतो, पण मुसळाखालच्या गोळ्याला येणारी दाट, दबलेली लवचिकता त्यात पुरती येत नाही. घानातल्या ‘चॉप बार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खाणावळींतून आता कुटण्याची यंत्रेही दिसतात. तरी ग्राहकाला आवारातून मुसळाचा आवाज ऐकू आला तर तो जास्त विश्वासाने बसतो.

कशानेही केलेला असो, फुफू गरम असतानाच खायचा. निवत गेला की सरळ साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटून रांगा धरू लागतात, पाणी बाहेर टाकतात आणि गोळा टणक होतो. रात्रीचा भात सकाळी फडफडीत लागतो, त्याचे कारण हेच. याममध्ये सरळ साखळ्या जास्त म्हणून इयान लवकर कडक होतो, कसाव्याचा फुफू थोडा अधिक वेळ तग धरतो. नायजेरियात इयानचे गोळे झाकलेल्या भांड्यात किंवा पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून ऊब धरून ठेवतात. घानात मात्र सहसा तेवढाही धीर धरत नाहीत. शेवटचा गोळा वळला की उखळात पाणी ओततात, म्हणजे कडेला राहिलेला फुफू वाळून लाकडाला चिकटत नाही. मुसळ भिंतीला उभे करतात, आणि रश्शाचे पातेले चुलीवरून उतरते.